पैसे खात्यात जमा झाले, पण वाडीवर पोचले का?

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवतेय? खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी, डोंगराच्या उतारावर, गाडीरस्ता नाही. बचाव पथकं रात्रीच्या पावसात चिखल तुडवत वर चढली, कारण चालत जाण्याशिवाय पर्यायच नव्हता. जेसीबी वर नेता येत नव्हता आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरत नव्हतं. मातीखालची माणसं कुदळ-फावड्याने शोधावी लागली. २३ जुलैला शोधमोहीम थांबली तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण बेपत्ता होते, त्यांनाही मृत धरण्यात आलं. एकूण ८४.

तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. ते स्वतः डोंगर चढून वर गेले होते, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. ५ लाखांची बातमीही वाचली आणि पुढच्या रीलवर गेलो.

आता थोडं मागे येऊ. ही रक्कम वारसाच्या हातात पडायला काय काय लागतं? मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आधार आणि बँकेचं पासबुक. हे सगळं कुठे असतं? घरात, पत्र्याच्या पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भिंतीला टांगलेलं. आणि घर मातीखाली. शिवाय ज्याचा मृतदेहच मिळाला नाही, त्याचा मृत्यूचा दाखला कसा काढायचा? तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नाही त्याला मृत मानता येत होतं. म्हणून इर्शाळवाडीसारख्या घटनेत सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर मदत २०३० मध्ये मिळाली असती.

इर्शाळवाडीच्या बाबतीत निदान सगळ्या राज्याचं लक्ष होतं. अधिकारी वाचलेल्या माणसांकडे जात होते, आधी कंटेनरमध्ये राहण्याची सोय झाली, मग चौकजवळ सिडकोकडून चाळीसहून जास्त घरांची वसाहत उभारली गेली. पण दरवर्षी पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या कुठल्या ना कुठल्या वाडीवर एखादं घर पडतं, छप्पर उडतं, चुलीत पाणी जातं. तिथे कॅमेरे जात नाहीत. तिथे मदत जाते ती फक्त डिजिटल रस्त्याने. या लेखात आपण तो रस्ता बघणार आहोत.

बटण दाबल्यावर पैसे जातात कुठे?

मंत्रालयात एक कार्यक्रम होतो, बटण दाबलं जातं आणि 'इतके कोटी थेट लाभार्थ्यांच्या खात्यात' अशी बातमी येते. डीबीटी, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण. आपत्तीच्या मदतीत २०२३ पासून महाराष्ट्रात साधारण पद्धत अशी आहे. तलाठी (आता अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा करतो. तहसील कार्यालय यादी ऑनलाइन चढवतं. प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला गावात 'व्हीके नंबर' म्हणतात. तो नंबर आणि आधार घेऊन माणसाने सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात जायचं, अंगठा लावून ई-केवायसी करायची, आणि मग पैसे सुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा ज्यांच्याकडे फार्मर आयडी आहे अशा शेतकऱ्यांना ई-केवायसीतून सूट दिली गेली. चांगलाच निर्णय. पण फार्मर आयडी मिळायला नावावर सातबारा लागतो, आणि कर्जत-खालापूरमधल्या कातकरी कुटुंबांपैकी कितीतरी जणांच्या घराखालची जागासुद्धा त्यांच्या नावावर नाही.

बरं, ई-केवायसी झाली. आता पैसे कुठल्या खात्यात जातील? बहुतेकांना वाटतं, फॉर्मवर जो खाते क्रमांक लिहिला त्यात. नाही! आधारवर आधारित पेमेंटमध्ये खाते क्रमांक बघितलाच जात नाही. एनपीसीआय नावाच्या संस्थेकडे एक मोठी वही आहे असं समजा. त्या वहीत तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव लिहिलेलं असतं. जी बँक आधारला सर्वांत शेवटी जोडली, तिचं. पैसे तिथे जातात.

हे वाचताना तांत्रिक वाटेल, पण मी हे माझ्या आजीमुळे शिकले. तिचे श्रावणबाळ योजनेचे पैसे 'येत नाहीत' म्हणून आम्ही कितीतरी महिने एका बँकेत खेटे घालत होतो. पैसे नियमित येत होते. फक्त ते दुसऱ्याच बँकेत, गावात कधीतरी झालेल्या एका शिबिरात अंगठा घेऊन उघडलेल्या खात्यात जमत होते. आजीला ते खातं असल्याचंच माहीत नव्हतं. माझ्या हातात स्मार्टफोन होता, पत्रकारितेची पदवी होती, आणि तरी शोधायला महिने गेले.

हा गोंधळ फक्त आमच्या घरातला नाही. २०१७ मध्ये लाखो मोबाइल ग्राहकांचं गॅसचं अनुदान त्यांना नीट न विचारता उघडलेल्या एअरटेल पेमेंट्स बँकेच्या खात्यांत वळलं होतं, आणि यूआयडीएआयने त्या कंपनीची आधार ई-केवायसी तात्पुरती थांबवली होती. पैसे चोरीला गेले नव्हते, फक्त भलतीकडे जाऊन बसले होते. सरकारी नोंदीत मात्र प्रत्येक व्यवहारासमोर एकच शब्द होता: यशस्वी.

मोबाइल मनी आपल्याकडे आहे ना? यूपीआय!

इथे एक गल्लत होते. आपण यूपीआयमध्ये जगात पुढे आहोत हे खरंच आहे. कर्जत स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड आहे आणि नेरळच्या भाजीवालीकडेही आहे. पण यूपीआय हा बँक खात्यावर बसवलेला दरवाजा आहे. आधी बँक खातं हवं. आफ्रिकेत ज्याला मोबाइल मनी म्हणतात ते वेगळं. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, त्यात बँक खातं लागतच नाही. सिमकार्ड हेच खातं आणि कोपऱ्यावरचा रिचार्जवाला हीच बँक. साधा बटणांचा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. पैसे आल्याचा मेसेज दाखवायचा, पिन टाकायचा, दुकानदाराकडून रोख घ्यायची.

भारतात रिझर्व्ह बँकेने हा रस्ता घेतला नाही. पैसे ठेवणं हे बँकेचंच काम, असं धोरण राहिलं. व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आणलंही, पण २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. धोरणामागे कारणं होती. ठेवी सुरक्षित राहतात, टेलिकॉम कंपनी बुडाली म्हणून गरिबाचे पैसे बुडत नाहीत. मला ती कारणं पटतात. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपण खाती उघडण्यावर जोर दिला (जनधन, २८ ऑगस्ट २०१४ पासून) आणि पैसे काढून देणारा माणूस वाडीजवळ आहे की नाही, हा प्रश्न मागे राहिला.

या प्रश्नाचं महत्त्व कळायला नायजरचं उदाहरण बघू. पश्चिम आफ्रिकेतला हा देश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. २००९-१० मध्ये तिथे दुष्काळाने अन्नटंचाई झाली. कन्सर्न वर्ल्डवाइड ही संस्था कुटुंबांना पाच महिने दरमहा रोख मदत देत होती. अर्थतज्ज्ञ जेनी एकर आणि सहकाऱ्यांनी यात एक प्रयोग केला. ९६ गावांचे तीन गट. एका गटातल्या बायकांना पाकिटात रोख, दुसऱ्या गटाला रोख अधिक एक फोन, तिसऱ्या गटाला तेवढीच रक्कम पण फोनवरून. म्हणजे रक्कम सारखीच, फक्त पोचवण्याची पद्धत वेगळी. तरीही तिसऱ्या गटातल्या घरांत जेवणात जास्त प्रकार दिसले आणि मुलं थोडी जास्त वेळा जेवली.

का? कारण त्या बायकांचा पैसे आणायला जाण्याचा वेळ वाचला. आणि दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. रोख वाटप होतं तेव्हा कुठल्या दिवशी कुणाला किती मिळाले हे सगळ्या गावाला कळतं. फोनवर आलेले पैसे आधी फक्त त्या बाईला कळतात. कधी काढायचे, किती काढायचे हे ती ठरवू शकते. फोनचा फायदा झाला तो त्या खासगीपणामुळे आणि जवळच्या एजंटमुळे. नुसता फोन मिळालेल्या गटाला तो फायदा दिसला नाही.

टोगो या छोट्या देशाने तर एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, 'नोविसी' नावाची योजना काही आठवड्यांत उभी केली. साध्या फोनवरून एक कोड डायल करायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, पात्र असाल तर पैसे मोबाइल खात्यात. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त रक्कम. आणि सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ च्या इबोला साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांना रोखीने भत्ते वेळेवर मिळेनात, संप होऊ लागले, तेव्हा पेमेंट मोबाइलवर वळवल्यावर महिन्याहून जास्त लागणारा वेळ आठवड्याभरावर आला.

त्याच २०२० मध्ये आपल्याकडे जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये दिले गेले. देशभरात सुमारे २० कोटी खाती, म्हणजे टोगोच्या लोकसंख्येच्या कित्येक पट. पाठवण्यात आपण अजिबात कमी पडलो नाही. पण काढायला बँकेसमोर गर्दी होऊ नये म्हणून खात्याच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून द्यावे लागले. लॉकडाऊन, एसटी बंद, आणि '४ किंवा ५ ने संपणारं खातं असेल तर अमुक दिवशी या'. पासबुक न वाचता येणाऱ्या बाईने हे कसं पाळायचं?

दोन हजार रुपये आणि तारीख

कर्जत-खालापूरच्या कातकरी कुटुंबाचं वर्ष थोडक्यात असं असतं. दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचं, पावसाआधी परत यायचं. लावणीचं काम संपलं की हातात काही उरत नाही. रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे आणि रेशन. याच काळात, श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या आसपास भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम 'उचल' घेऊन येतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. घेतले की पुढचा हंगाम त्याच्याकडे बांधला गेला. दर कोण ठरवणार, हिशोब कोण लिहिणार, हे वेगळं सांगायला नको.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. याच भुकेच्या महिन्यांसाठी १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना आली होती. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाने सावकाराच्या दारात जाऊ नये हा उद्देश. ती पुढे बंद पडली. कोविडमध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्याने खावटी पुन्हा आणली, या वेळी कर्ज म्हणून नाही तर पूर्ण अनुदान म्हणून. ११ लाख ५५ हजार कुटुंबं, ४८६ कोटी रुपये. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपयांची मदत. त्यातले २,००० बँक किंवा पोस्टाच्या खात्यात, उरलेल्या २,००० चं सामान: मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, मिरची पूड, मीठ, चहा पावडर वगैरे. आदिम जमातींचा यात खास समावेश होता. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

निर्णय सप्टेंबर २०२० चा. अर्ज भरणं, कागद तपासणं, खाती जुळवणं यात वाटप २०२१ पर्यंत लांबलं. म्हणजे ज्या पावसाळ्यासाठी मदत होती तो गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, भट्ट्या पेटल्या. २०२० च्या भाद्रपदात घरात दोन हजार आले असते तर उचल घ्यायची की नाही यावर कुटुंबाला निदान विचार करता आला असता. नंतर आलेले दोन हजार म्हणजे नुसते दोन हजार. योजनेच्या अहवालात दोन्ही सारखेच दिसतात.

आता हे दोन हजार काढायचा खर्च बघू. हा माझा हिशोब आहे, कुठल्या सर्वेक्षणातला नाही. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वाडीवरून पायवाटेने रस्त्यापर्यंत, तिथून शेअर रिक्षाने कशेळे, कडाव, नेरळ किंवा चौक, तिथे रांग, 'सर्व्हर डाउन', परत. एक दिवस गेला. दोन फेऱ्या झाल्या तर ६२४ रुपयांची मजुरी बुडाली. दोन हजारांतले एकतीस टक्के, रिक्षाभाडं न धरता. आणि काही अडलं तर प्रकल्प कार्यालय पेणला. कर्जतच्या डोंगरातून पेण! नकाशा उघडून एकदा बघाच.

लाडकी बहीण योजनेतही हेच वळण आलं. दरमहा १,५०० रुपये ही वाडीवरच्या बाईसाठी मोठी रक्कम आहे, आणि ती तिच्या नावाच्या खात्यात येते याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तिचा ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. विधवा, सोडून दिलेल्या, वडील नसलेल्या बायकांनी काय करायचं यावर आधी उत्तरच नव्हतं. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. आणि नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे भट्टीवर जायचे महिने. घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात, आधारला जोडलेला नंबर रिचार्ज न केल्याने बंद. अशा बाईला 'अपात्र' म्हणायचं का?

नेटवर्क गेलं की

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दोन दिवसांत जिल्ह्याला १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली, पुढे पूर्ण पडलेल्या घराची भरपाई ९५ हजारांवरून दीड लाख केली. पण श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याकडे विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर आडवे झाले होते. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे फोन चार्ज नाही, एटीएम नाही, अंगठ्याचं मशीन नाही. डिजिटल मदतीची सर्वांत जास्त गरज ज्या दिवशी, नेमक्या त्याच दिवशी ती चालत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्यांना तर यासाठी चक्रीवादळ लागत नाही, जुलैचा नेहमीचा पाऊस पुरतो.

जाता जाता: कर्जतच्या फार्महाउसच्या जाहिरातीत 'नो नेटवर्क, डिजिटल डिटॉक्स' असं लिहिलेलं तुम्हीही पाहिलं असेल. शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्यांना जे विकलं जातं, त्याची वरच्या वाडीतल्या बाईला दर महिन्याला एक दिवसाची मजुरी द्यावी लागते. केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत (१५ नोव्हेंबर २०२३, आदिम जमातींसाठी) घरं, रस्ते, पाणी यांच्यासोबत मोबाइल टॉवरचाही समावेश आहे. म्हणजे नेटवर्क ही आता मूलभूत गरज आहे हे सरकारनेही मान्य केलंय.

मग धान्यच द्या ना?

कमेंटमध्ये हे येणारच, म्हणून आधीच. कर्जतला या वादाचा जुना अनुभव आहे. कशेळ्याच्या अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या होत्या. पावसाळ्यात बँकेतून धान्य उसनं घ्यायचं, भात झोडपल्यावर थोडं वाढवून परत करायचं. सावकाराच्या सव्वापट-दीडपटीतून सुटका. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनेही ग्राम धान्य बँकेची योजना आणली.

धान्य बँकेची ताकद धान्यात होती का? थोडीफार. पण माझ्या मते खरी ताकद अशी की ती वाडीतच होती. कुलूप वाडीत, किल्ली वाडीतल्या माणसाकडे, आणि उघडायला सर्व्हर लागत नव्हता. उलट पैशाने औषध घेता येतं, पत्रा घेता येतो, मुकादमाला नाही म्हणता येतं, जे धान्याने जमत नाही. त्यामुळे मी रोख मदतीच्याच बाजूने आहे. फक्त ती वाडीच्या जवळ यायला हवी, धान्य बँकेइतकी.

हे अशक्य नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ पासून पोस्टमनच्या हातात मशीन देते. २ ऑगस्ट २०२१ ला आलेलं ई-रुपी तर साध्या फोनवर एसएमएसने पोचणारं व्हाउचर आहे, बँक खातं आणि इंटरनेट नसलेल्या माणसालाही चालतं. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात पत्रे, भांडी, औषधं यांसाठी ते का वापरू नये? राज्य आपत्ती निधीच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आधीपासून आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्याने ते ५,००० चे १०,००० केले. रक्कम आहे, तंत्रज्ञान आहे. गावातल्या दोन दुकानदारांना पावसाळ्याआधीच तयार ठेवणं, एवढंच बाकी आहे.

उलट दिशेनेही एक गोष्ट घडतेय. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. फसवणूक वाढल्यामुळे एजंटची कडक तपासणी हवीच. पण सलग तीन महिने व्यवहार न केलेल्या एजंटची पुन्हा केवायसी करावी लागणार आहे. अर्धी वाडी भट्टीवर गेल्यावर किराणा दुकानातल्या एजंटकडे तीन-चार महिने फारसं कोण येणार? शहरात बसून नीट दिसणारा नियम डोंगरावर कसा दिसतो, याचं हे उदाहरण ठरू शकतं.

आणि सर्वांत साधी गोष्ट. आज कुठल्याही योजनेच्या पानावर किती खात्यांत किती कोटी जमा झाले, हा आकडा मिळतो. त्यातून तीस दिवसांत किती पैसे काढले गेले, हा आकडा सहसा कुणी देत नाही. बँकांकडे तो असतो. एखाद्या वाडीतल्या चाळीस खात्यांत पैसे पडून आहेत आणि कुणीच हात लावलेला नाही असं दिसलं, तर समजायचं की खातं चुकलंय, अंगठा उमटत नाहीये किंवा माणसं तिथे नाहीत. तहसीलदाराला हे पडद्यावर दिसलं तर तो पोस्टमन पाठवू शकतो. पुढच्या पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये हा एक रकाना वाढवायला कुठलाही कायदा बदलावा लागणार नाही.

तुमच्या घरी काम करणाऱ्या, शेजारच्या वाडीतल्या, ओळखीतल्या कुणाचे सरकारी पैसे 'येत नाहीत' असं कानावर आलं, तर आधी एवढं करा. यूआयडीएआयच्या माय आधार संकेतस्थळावर त्यांचा आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. आधारला कुठली बँक जोडली आहे ते तिथे दिसतं. नंबर बंद असेल तर बँकेच्या शाखेत हीच चौकशी करता येते. खातं केवायसी जुनी झाल्याने अडकलं असेल तर ती शाखेत नव्याने करून घ्या. २०२५ मध्ये यासाठी ग्रामपंचायतींत शिबिरंही झाली. आणि अंगठा लावल्यावर खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. एजंटकडून पावती मागा, 'फेल' झालेल्या व्यवहाराचीही.